वरची मूठ

सोमलिंगअप्पांनी बरणी पालथी केली, बुडावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

“अप्पा, कलिंगड न्हाय ते,” वैजनाथ म्हणाला.

“कलिंगड बरं. कापल्यावर तरी कळतं, लाल हाय का पांढरं. तुझ्या प्लॅस्टिकचं कसं कळायचं?”

“माझ्या तोंडाकडं बघून.”

“मग तर घ्यायलाच नको.”

वैजनाथ पोट हलवून हसला. तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. प्रसादाच्या, पेढ्यांच्या, कुंकवाच्या दुकानांना तो बरण्या, डबे, ट्रे पुरवायचा. जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक रचलेल्या बरण्यांचे मनोरे उभे होते आणि मधून एका माणसापुरती वाट. त्या वाटेच्या तोंडाशी अप्पांची मुलगी महेश्वरी हातात कापडी पिशवी धरून उभी होती. पिशवीत घरून आणलेलं पाणी आणि बसमध्ये वाचायला घेतलेलं पुस्तक होतं. येताना ते उघडलंच गेलं नव्हतं, कारण अप्पा सगळी वाट बरण्यांबद्दल बोलत होते.

अणदूरला खंडोबाच्या देवळासमोर त्यांचं दुकान. भंडारा, कुंकू, खोबरं, उदबत्ती, एवढाच माल. सगळा पत्र्याच्या चौकोनी डब्यांत. डबे अप्पांच्या वडिलांनी केव्हातरी तेलवाल्याकडून घेऊन, वरचा पत्रा कापून, कडा ठोकून करून घेतलेले. त्यांचा मूळचा रंग कुणाला आठवत नव्हता; आता ते सगळे हळदीचेच झाले होते. महेश्वरीला ते आवडायचे. यंदा श्रावणात अप्पांनी अचानक काढलं, हे डबे मोडीत घालायचे, बरण्या घ्यायच्या. तिनं आपल्या परीनं विरोध केला होता. आताही केला.

“बरणीत ऊन जातं, अप्पा. हळदीचा रंग उडतो.”

“रंग उडायला माझा भंडारा दुकानात राहतो किती?” अप्पा वैजनाथकडं बघून म्हणाले. “हिला डबे लई आवडतात. का, तर हिला उचलावे लागत न्हाईत.”

“मी उचलते की.”

“उचलतीस आन् हात कापून घेतीस.”

श्रावणातच डब्याच्या कडेनं तिचं मनगट चिरलं होतं. पांढुरकी रेघ अजून होती. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

वैजनाथनं एकेक बरणी काढून समोर मांडली. उभी, बुटकी, षटकोनी. आट्याचं झाकण, दाबाचं झाकण. अप्पांनी प्रत्येक झाकण लावून बघितलं, काढून बघितलं. षटकोनी बरणी वैजनाथनं मोठ्या कौतुकानं पुढं सरकवली. सोलापूरला सध्या हीच चालते म्हणाला.

“कोपऱ्यात हळद बसंल. ती काढायला तू येनार का?” अप्पा म्हणाले आणि मग महेश्वरीकडं वळले. “महेसरी, हिकडं ये. हात घाल.”

“कशात?”

“बरणीत. मग काय माझ्या खिशात?”

तिनं पहिल्या बरणीत हात घातला. हात सहज गेला.

“आता मूठ कर आन् भाईर काढ.”

मूठ तोंडाशी अडली. अप्पांनी ती बरणी बाजूला सारली. दुसरी दिली. दुसरीत मूठ निघाली, पण बांगड्या खरचटल्या. तीही बाजूला गेली. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून भंडाऱ्याची पुरचुंडी काढली. ती कायम त्यांच्याजवळ असायची. ती सगळी त्यांनी तिसऱ्या बरणीत ओतली.

“रिकाम्या मुठीचं काय खरं? भरून काढ.”

“अप्पा, लोक बघतायत.”

“बघू दे. भंडारा हाय, चोरी न्हाय.”

तिनं मूठ भरली. मनगट जरा वळवून बाहेर काढली. बोटांच्या फटीतून थोडी हळद सांडली, बाकी मुठीतच राहिली. अप्पा तिच्या मुठीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “साकु. पुरे. ही.”

“अप्पा, हिच्यापेक्षा ही घ्या,” वैजनाथनं थोराड तोंडाची एक बरणी दोन्ही हातांनी उचलली. “तुमच्या पंज्याला हीच बरी.”

“ती लई जड हाय.”

“भरल्यावर सगळ्याच जड.”

“म्हनून तर ही. आन् झाकणं लाल नकोत. पिवळी दे.”

“पिवळी न्हाईत आता. सोलापूरवरनं मागवावी लागतील.”

“मागव. देव नळदुर्गाला जायच्या आधी पोचली पायजेत.”

ते उजवा खांदा चोळत बाकावर बसले आणि वैजनाथनं मागवलेला चहा बशीत ओतून पिऊ लागले. महेश्वरी पिवळा हात पदराला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून उभी राहिली.

मुठीचं कारण बापलेकींना एकमेकांना सांगायची गरज नव्हती. त्यांच्या दुकानात भंडारा तागडीत मोजून, पुडी बांधून झाली, की गिऱ्हाइकाच्या पदरात किंवा उपरण्यात हातानं एक मूठ वर टाकायची. ती मोजायची नाही. ती देवाची मूठ. आणि ती गादीवर बसलेल्या माणसानंच द्यायची. पुडी कुणीही बांधावी, पैसे कुणीही घ्यावेत. वरची मूठ मात्र गादीची. अप्पा जेवायला आत गेले, की गादीवर धुतलेला पंचा अंथरून जायचे. तेवढ्या वेळात आलेली माणसं पुडी घेऊन ओट्यावर बसून राहायची, मुठीसाठी. अप्पांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी त्यांचे. गादीवर मुलगाच बसत आला होता. मुलीनं बसू नये असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती.

महेश्वरी मागच्या स्टुलावर बसायची. आळंदचं सासर सोडून ती परत आली तेव्हापासून तिची जागा तीच. सकाळी पुड्या बांधायच्या, संध्याकाळी गावच्या वाचनालयाचं दार उघडायचं. पुड्या बांधता बांधता तिला समोर अप्पांची पाठ दिसायची आणि त्या पाठीपलीकडं देवळाचं दार, दीपमाळ, येणारी-जाणारी माणसं. तिला तिथं बसायचं होतं. अप्पांना हलवून नव्हे. अप्पांनंतर, किंवा अप्पा जेवायला गेल्यावर, पंचा न अंथरता. एवढंच. एवढं विचारायला तिला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. पुस्तकांत माणसं किती अवघड गोष्टी सहज बोलून जातात याचं तिला नवल वाटायचं.

परतीच्या बसला गर्दी होती. अप्पांना खिडकी मिळाली. नळदुर्ग जवळ आलं तसा किल्ल्याचा काळा तट उन्हात दिसू लागला.

देव एक आणि देवळं दोन. वर्षातला बराच काळ खंडोबा अणदूरला असतो. मार्गशीर्षात पालखीतून नळदुर्गला जातो आणि पौषातली यात्रा करून परत येतो. देव गेला, की त्यांचं दुकानही टेंपोत बसून मागोमाग जायचं. डबे, तागडी, गादी.

“यंदा टेंपो कसा भुर्रकन भरंल बघ,” अप्पा म्हणाले. “एका डब्याला दोन मानसं लागायची. बरणी कुनीबी उचलंल. एका हातानं.”

“हो.”

“तू उचलशील.”

“हो, अप्पा.”

ते खिडकीबाहेर बघू लागले. महेश्वरीनं मांडीवरच्या आपल्या पिवळ्या हाताकडं पाहिलं. आता विचारावं, असं तिला वाटलं. बसमध्ये, एकमेकांच्या तोंडाकडं न बघता, हे विचारणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

“अप्पा.”

“एनु?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. काय? दोघंच असली की ते कन्नडवर यायचे.

ते मान वळवून थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबले. कंडक्टर नळदुर्ग, नळदुर्ग म्हणून ओरडला, माणसं उठली, कुणाची तरी ट्रंक तिच्या गुडघ्याला लागली.

“एनिल्ल,” ती म्हणाली. काही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिची आई, अव्वा, चहा घेऊन गेली, तेव्हा अप्पा उठले नाहीत.

*

त्यांना अंगणात भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला, दंडांना विभूतीचे पट्टे. डोक्याला फेटा. गादीवर बसायचे तसेच ते बसलेले दिसत होते. फक्त मान पडू नये म्हणून मागून कापड बांधलं होतं. स्वामींनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि एकेक बोट वर दुमडलं. बोटं पुन्हा उलगडू नयेत म्हणून ते बराच वेळ ती मूठ आपल्या हातात धरून राहिले. उजवा हात मात्र मांडीवर उघडा राहिला. त्याच्या रेघांत हळद होती. पाण्यानं धुऊनही ती गेली नव्हती. महेश्वरीनं आपला हात बघितला. तिच्याही नखांत होती.

तिचा धाकटा भाऊ शिवकुमार पुण्याहून पोचेपर्यंत ऊन कलायला आलं. तो गाडीतून उतरला तो बूट न काढताच अप्पांपाशी जाऊन बसला, मग कुणीतरी सांगितल्यावर मागं जाऊन बूट काढून आला. खड्ड्यात मीठ आणि विभूती पडत होती तेव्हा त्यानं तिचा दंड धरला होता. घट्ट, लहानपणी जत्रेत धरायचा तसा.

तिला कुणालाही काही सांगावं लागलं नाही. अणदूरला जे आले त्यांना माहीत होतं म्हणूनच आले. नातेवाइकांना फोन शिवकुमारनं केले. “अप्पा लिंगैक्य झाले,” असं तो प्रत्येकाला म्हणत होता, सारख्याच आवाजात, आणि प्रत्येक फोननंतर पाणी पीत होता.

काही दिवसांनी अप्पांचा मोबाइल वाजला. तो देवळीत चार्जिंगला लावलेलाच होता. कुणी काढला नव्हता. महेश्वरीनं उचलला.

“अप्पा, वैजनाथ बोलतोय तुळजापूरवरनं!”

“मी महेश्वरी.”

“ताई व्हय? अप्पा झोपलेत का? मघाधरनं लावतोय. त्यास्नी सांगा, पिवळी झाकणं मिळाली. म्हनावं, सोलापूर सगळं पालथं घातलं तुमच्यासाठी. आता पुढल्या टायमाला माझ्या बरणीला टिचक्या मारायच्या न्हाईत.”

ती तोंड उघडून उभी राहिली. अंगणात अव्वा दाण्यांतले खडे काढत होती. शब्द साधेच होते. रोज शिवकुमार म्हणत होता ते. तिनं ओठ मिटले, पुन्हा उघडले.

“ताई? सांगता न्हवं?”

“सांगते,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती देवळीपाशीच उभी राहिली. अव्वानं विचारलं, कुणाचा होता. बरण्यांचा, ती म्हणाली.

*

“लिंगायताच्या घरात सुतक न्हाय,” असं अप्पा नेहमी म्हणायचे, म्हणून दुकान लवकरच उघडलं. पण उघडलं ते आवरायला. शिवकुमारला रजा वाढवून मिळत नव्हती. त्यानं सगळं मनाशी ठरवलं होतं आणि ते वाईट ठरवलं होतं असं कुणाला म्हणता आलं नसतं. समोरच्या आळीतला एक मुलगा मोबाइलच्या दुकानासाठी गाळा मागत होता. त्याला द्यायचा. अव्वाला पुण्याला न्यायचं. नळदुर्गला यंदा जायचं नाही.

“आणि अक्का, तूही चल,” तो म्हणाला. जेवणं झाली होती. “आमच्याजवळच मोठं वाचनालय आहे. तीन मजले. तुला तर स्वर्गच.”

“आणि भंडारा?”

“आहे तेवढा देवळात देऊन टाकू.”

महेश्वरीनं अव्वाकडं बघितलं. अव्वा ताटातलं शीत बोटानं उचलत होती.

“मला काय विचारतीस?” अव्वा म्हणाली. “दुकानाचं मला कधी कुनी विचारलं? आता कशाला?”

“अव्वा, रागावू नकोस ना,” शिवकुमार म्हणाला.

“रागवत न्हाय रं. सांगतीय.”

शिवकुमारनं कपाळ चोळलं. तो खरंच थकला होता. रात्री झोपेत तो अप्पांसारखाच खाकरायचा आणि पलीकडच्या खोलीत अव्वा उठून बसायची. त्याच्याशी भांडावं असं त्याच्यात काही नव्हतं. भांडायला एखादा शब्द हवा, एखादं वचन, अप्पा असं म्हणाले होते असं काहीतरी. महेश्वरीकडं तसं काहीही नव्हतं. अप्पांचं बसमधलं ते थांबणं होतं फक्त, आणि त्यावर ती ‘काही नाही’ म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालय उघडायला गेली आणि परत आली तेव्हा दुकानाच्या फळ्या रिकाम्या होत्या. भंडारा, कुंकू प्लॅस्टिकच्या गोण्यांत भरून कोपऱ्यात ठेवलं होतं.

“डबे?”

“भंगारवाला आला होता. गंजलेले होते गं सगळे. एकाच्या तर बुडाला भोक.” मग तिचा चेहरा बघून तो थांबला. “तुला ठेवायचा होता का एखादा? अक्का, मला बोलायचं तरी.”

“नाही,” ती म्हणाली. “अप्पा मोडीतच घालणार होते.”

फळ्यांवर डब्यांच्या बुडांचे चौकोन उमटले होते. चौकोनांत लाकूड मूळ रंगाचं होतं आणि सभोवती पिवळं. तिनं फडकं घेतलं, एक फळी पुसायला सुरुवात केली, आणि फडकं तसंच ठेवून दिलं.

गादी जागेवरच होती. तिच्यावर पंचा अंथरलेला होता. तो अप्पांनी अंथरलेला होता की नंतर कुणी, हे कुणालाच सांगता आलं नसतं; आणि तो उचलायचंही कुणी मनावर घेतलं नव्हतं.

*

देव नळदुर्गला निघायच्या आदल्या दिवशी बरण्या आल्या. टेंपोवाल्यानं खोकी भराभर ओट्यावर रचली.

“थांबा, थांबा,” शिवकुमार बाहेर आला. “हे परत न्यायचं आहे.”

“भाऊ, मी टाकनारा हाय. नेनारा येगळा.”

“अहो, आम्हाला लागत नाहीत त्या.”

“तुमाला लागत न्हाईत, मग मागवल्या कुनी?”

टेंपो निघून गेला. देवळासमोर वर्दळ होती. उद्याच्या पालखीसाठी आजच आलेली माणसं पारावर, ओट्यांवर टेकली होती. खोबऱ्याचा आणि धुपाचा वास येत होता. शिवकुमारनं एक खोकं फोडलं. वरच पिवळी झाकणं होती, कागदात गुंडाळलेली. महेश्वरीनं त्यातलं एक हातात घेतलं.

तेवढ्यात धुरपदाबाई आली. जळकोटची. देव निघायच्या आदल्या दिवशी दरवर्षी यायची, इथूनच भंडारा न्यायची आणि उद्या पालखीमागं चालायची. पायरीला हात लावून ती ओट्यावर चढली आणि रिकाम्या फळ्यांकडं बघत उभी राहिली.

“अप्पाचं कळलं गं माय,” ती महेश्वरीला म्हणाली. “लई वंगाळ झालं. गेल्या साली मला म्हनले व्हते, धुरपदे, पुढल्या साली तू येतीस का मी राहतोय, बघू. म्या म्हनलं, मीच जानार आधी. आता बघ.” डोळे पुसून तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. “भंडारा दे पावशेर.”

“मावशी, दुकान बंद आहे,” शिवकुमार म्हणाला.

“बंद हाय तर हे काय?” तिनं खोक्यांकडं बोट केलं.

शिवकुमारनं बहिणीकडं पाहिलं, मग म्हातारीकडं, आणि नाइलाजानं हसला. गोणी जड होती. तिच्यातून काढून काढून देण्यापेक्षा बरं म्हणून त्यानं एका नव्या बरणीत भंडारा ओतला. हळदीचा धुरळा उडाला, तो शिंकला. बरणी पिवळीधमक भरली. उन्हात ती अशी दिसली की रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं. बरण्यांत भंडारा छान दिसेल असं अप्पा तुळजापूरला जाताना म्हणत होते, ते काही खोटं नव्हतं.

त्यानं मोजलं. महेश्वरीनं पुडी बांधून डब्यात ठेवली. धुरपदाबाईनं पैसे दिले आणि ती तिथंच उभी राहिली. पदर पसरून.

“काय झालं?” शिवकुमार म्हणाला.

“वरची मूठ.”

“हां. हां, खरंच की.”

त्यानं शर्टाची बाही वर केली. उभ्या उभ्याच गादीशेजारून वाकून त्यानं बरणीत हात घातला. बोटं मिटून हात जरा दाबावा लागला, पण गेला. आत त्यानं मूठ भरली आणि वर ओढली. मूठ तोंडाशी अडली. त्यानं मनगट फिरवलं. दुसऱ्या हातानं बरणी धरून ओढलं. बरणीच उचलून वर आली. पारावरचं कुणीतरी हसलं.

“सोड रं लेकरा,” धुरपदाबाई म्हणाली. “भंडारा सोड, मग हात सुटंल.”

त्यानं मूठ उघडली. हात बाहेर आला, मनगटापर्यंत पिवळा आणि रिकामा. त्याचे कान लाल झाले होते.

“कसल्या बरण्या घेतल्या अप्पांनी! माझा हात निघत नाही, त्यांचा तर माझ्याहून मोठा. त्या माणसानं फसवलं त्यांना. अक्का, तू होतीस ना बरोबर? अप्पांनी हात घालून बघितला नाही का?”

महेश्वरीच्या हातात अजून ते झाकण होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही कसं? अप्पा आणि न बघता घेतील?”

“त्यांनी एकाही बरणीत हात घातला नाही.”

टिचकी मारली होती. कान लावला होता. झाकणं लावून बघितली होती, काढून बघितली होती. थोराड तोंडाची बरणी समोर आली तेव्हा तिच्याकडं नीट पाहिलंही नव्हतं. आणि दरवेळी, महेसरी, हिकडं ये. ती भर दुकानात ओशाळून उभी होती आणि ते तिच्या मुठीकडं बघत होते. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

ती झाकण आट्यांत बसवल्यासारखं फिरवत राहिली; खाली बरणी नव्हती.

“अक्का?”

“माझं जाऊ दे बाबा, मी काय रिकामा पदर घेऊन उभी राहीन,” धुरपदाबाई म्हणाली. तिच्या आवाजात ओठाशी आलेलं हसू होतं आणि रडूही. “पर उद्या काय? देव तिकडं निघाला. तुमचं दुकान मागं येनार का न्हाय? गादीवर कोन बसनार?”

“मावशी, यंदा आमचं असं ठरलंय की...” शिवकुमारनं सुरुवात केली.

महेश्वरीनं झाकण फळीवर ठेवलं. तिनं गादीवरचा पंचा उचलला. त्याला अजून साबणाचा वास होता. तिनं त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली, आणि शेवटी तो खांद्यावर टाकला. मग ती गादीवर बसली. गादी मधोमध खोलगट झाली होती. त्या खोलगट जागेत तिला नीट बसता येईना. ती तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या माणसाची होती. समोर देवळाचं दार दिसत होतं, दीपमाळ दिसत होती. मध्ये कुणाचीही पाठ नव्हती.

तिनं बरणी जवळ ओढली. हात आत घातला. मूठ भरली, मनगट जरा वळवलं. मूठ बाहेर आली. बोटांच्या फटीतून थोडा भंडारा सांडला, बाकीचा तिनं धुरपदाबाईच्या पदरात टाकला.

“येळकोट, येळकोट,” म्हातारी पुटपुटली आणि पदराची गाठ मारली.

शिवकुमार आपला पिवळा हात तसाच अधांतरी धरून उभा होता. आतल्या दाराशी अव्वा येऊन उभी राहिली होती. ती केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं. दोघंही महेश्वरीकडं बघत होती. ती मात्र त्यांच्याकडं बघत नव्हती. मान वळवून ती मागच्या स्टुलाकडं बघत होती. ते रिकामं होतं. तिला ‘काय?’ असं विचारणारं, तिच्या उत्तरासाठी थांबणारं, हो म्हणणारं किंवा नाही म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

“अप्पा,” ती म्हणाली. “अप्पा, वैजनाथनं सांगितलंय. झाकणं पिवळीच मिळाली.”

अव्वानं पदर तोंडाला लावला.

“आणि दुकानात मी बसते.”